दोन सेकंदांचा आळ

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोजचा एक इंग्रजी फुगा उगवतो: डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता सावरला आहे. गिऱ्हाईक तो वाचतं आणि दुकानात येऊन निकालच सांगतं, "ड्रायव्हर गेलाय." असं सावरण्याची सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. ग्राफिक्स कार्डाला काम दिलं आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, की विंडोज त्याला झटका देऊन पुन्हा उभं करते. पडदा क्षणभर काळा होतो, मग सगळं जागच्या जागी. पूर्वी अशा वेळी मशीन सरळ गोठायचं, त्यामानाने हे बरंच म्हणायचं. पण फुग्यात नाव येतं ते ड्रायव्हरचं. कार्डाने उत्तर का दिलं नाही, ते तिथे नसतं. कार्ड तापलं असेल, त्याची मेमरी मरणपंथाला लागली असेल, वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, दमला असेल, कार्ड स्लॉटमध्ये केसभर तिरकं बसलं असेल. आणि हो, ड्रायव्हरही वाईट असू शकतो.

यातलं नेमकं काय, हा निवाडा मी वर्षानुवर्षं करत आलोय. कसा करतो, हे मला कुणी विचारलं नव्हतं. आता उजव्या हाताच्या अंगठ्याच्या सांध्याने असहकार पुकारलाय. स्लॉटच्या टोकाला कार्ड धरून ठेवणारी एक प्लॅस्टिकची कळ असते. ती नेमकी कार्डाच्या हीटसिंकखाली लपते, एका हाताच्या नखाने ती दाबायची आणि दुसऱ्या हाताने कार्ड सरळ वर उचलायचं. जुन्या स्वस्त कॅबिनेटच्या पत्र्याच्या कडा घासलेल्या नसतात, त्यामुळे मनगटावर ओरखडे ठरलेले. हे काम आता माझ्याकडे शिकायला आलेली मुलगी करते. मी स्टुलावर बसून सांगतो, ती करते, आणि करता करता विचारते, "कशावरून, काका?"

या 'कशावरून'ने माझी झोप उडवली आहे.

पेठेतल्या एका डीटीपीवाल्याचं मशीन घ्या. दुसऱ्या पिढीचा आय थ्री, असेंबल केलेला, त्यात जीटी ७३० कार्ड. विंडोज ७ आहे, तिला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच रामराम ठोकला. पण पेजमेकरमधल्या जुन्या फायली, श्रीलिपीचं लॉक आणि युनिकोडच्या आधीचे फॉन्ट हे सगळं त्याच मशीनवर सुखाने नांदतंय, त्यामुळे गृहस्थ ते बदलायला तयार नाहीत. मशीनला इंटरनेट जोडत नाहीत, मेल मोबाइलवर बघतात. मला हा माणूस शहाणा वाटतो. दिवाळी अंकाची पानं लावताना पडदा काळा व्हायला लागला, तेव्हा पुतण्याने जुना ड्रायव्हर काढून नव्यातला नवा उतरवून आणला. तो बसेचना. मग मशीन आमच्याकडे.

नवा न बसण्याचं कारण आमच्या धंद्यातल्यांना माहीत असायला हवं, पण निम्म्यांना नसतं. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांची कार्डं विकली गेली. एक फर्मी, ९६ कोअरचं. दुसरं केप्लर, ३८४ कोअरचं. खोक्यावर नाव तेच. फर्मीसाठी एनव्हिडियाची ड्रायव्हरची शाखा मार्च २०१८ मध्ये ३९१.३५ वर थांबली, केप्लरला पुढेही बरीच वर्षं ड्रायव्हर मिळत राहिले. कुठलं कार्ड आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी उघडून बघायचं. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. त्यापुढे ०एफ०२ असेल तर फर्मी, १२८७ असेल तर केप्लर. (इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा आकडा घेतला आहे, १९७८ सालच्या आपल्या चिपची आठवण म्हणून. असा मिजासखोरपणा मला आवडतो.) इथे ०एफ०२ निघाला. सेफ मोडमध्ये डीडीयू हे सफाईचं सॉफ्टवेअर चालवून जुन्या ड्रायव्हरचा सगळा कचरा काढला, ३९१.३५ टाकला, निमूट बसला. पुतण्याचा प्रश्न सुटला. त्याच्या काकांचा नाही. पेजमेकर उघडून कोरलमध्ये एक मोठं चित्र हलवलं की पुन्हा काळा पडदा, पुन्हा तोच फुगा.

इथून पुढे जे आहे, त्याभोवती मी इतकी वर्षं घिरट्या घालतोय. मशीन सुरू होताना बायोसच्याच पडद्यावर रेघा किंवा ठिपके दिसले, तर ड्रायव्हर निर्दोष. तेव्हा तो जागाही झालेला नसतो. हे साधं आहे. पण उलटं खरं नाही. बायोसचा पडदा स्वच्छ आहे म्हणून कार्ड चांगलं, असं म्हणता येत नाही. ड्रायव्हर नसताना कार्ड अर्धवट झोपेत असतं. घड्याळ मंद, मेमरीचा कोपराच वापरात, विजेची ओढ कमी. ड्रायव्हर आला की तो कार्डाला पूर्ण जागं करतो, वेग वाढवतो, व्होल्टेज वाढवतो. आजारी कार्ड नेमकं तेव्हा आडवं होतं. म्हणजे ड्रायव्हर काढा, दिवसभर छान चालतं. ड्रायव्हर टाका, काळा पडदा. कुणीही शपथेवर सांगेल की दोष ड्रायव्हरचाच. आणि ड्रायव्हर खरोखर बिघडलेला असला, तरी दिसतं अगदी हेच. डिव्हाइस मॅनेजरमधला कोड ४३ सुद्धा असाच, दोन्हीकडून साक्ष देणारा.

काही पोरं अशा वेळी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवतात. "बघा, लिनक्सवर चालतं, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर खराब." गिऱ्हाईकावर छाप पडते. पण लिनक्ससोबत येणारा नूव्हो ड्रायव्हर फर्मी कार्डाचा वेग वाढवतच नाही, सुरुवातीच्या मंद घड्याळावरच चालवतो. झोपलेल्या माणसाला चालता येतं की नाही, याची ही परीक्षा. दुसरे दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत जाऊन आठ-दहा सेकंद करतात, म्हणजे फुगा यायचा कमी होतो आणि मशीन तेवढा वेळ गोठून बसतं. तिसरे सरळ फॉरमॅट मारतात. फॉरमॅटचे पैसे घेऊन गिऱ्हाईकाचे फॉन्ट उडवणाऱ्यांबद्दल मी लिहायला बसलो तर हा लेख संपणार नाही. कार्ड ओव्हनमध्ये भाजून 'जिवंत' करणारेही आहेत. ते महिनाभर जगतं, तेवढ्यात विकून मोकळे. शिवाय फर्मीच्या काळातली कार्डं खोटं बायोस भरून १०५० टीआय म्हणून विकली गेली, ती अजून फिरताहेत. २०१८ पासून जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावापुढे खोटं असल्याची खूण दाखवतं. कार्ड विकत घेताना ते चालवून बघणारा माणूस मला विरळाच भेटतो.

मी काय करतो? आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं घड्याळ थोडं खाली ओढतो. वेग कमी केल्यावर शांत झालं, तर ड्रायव्हर बहुधा सुटला. दोष कार्डात नाहीतर विजेत. मग कार्ड काढून दुकानातल्या मशीनवर, त्याच ३९१.३५ सह. डीटीपीवाल्याचं कार्ड मुलीने काढलं, सोनेरी पिनांवर खोडरबर फिरवलं, रबराची काळी वळी झटकली, आमच्या मशीनवर चढवलं. कार्डाला दमवणाऱ्या फरमार्क चाचणीचं केसाळ कडं दुपारभर फिरत राहिलं. पडदा एकदाही काळा झाला नाही. कार्ड सुटलं, ड्रायव्हरही सुटला. राहिला एसएमपीएस. तो तिने बाहेर काढून माझ्या हातात दिला आणि मी तळहातावर तोलून म्हटलं, "हाच."

"कशावरून?"

"हलका लागतो. लेबलावर ४५० वॅट लिहिलंय, पण आत तेवढं तांबं नाही."

नवा एसएमपीएस टाकला, मशीन गुणी मुलासारखं चालायला लागलं. मी बिल करायला घेतलं. ती म्हणाली, "काका, आपण कार्डही काढून पुसून परत बसवलंय. त्यानेही झालं असेल. जुना लावून बघू?" डीटीपीवाले समोर खुर्चीत, त्यांचा फॉर्म छापखान्यात अडकलेला. मला राग आला. पण ते गृहस्थच म्हणाले, बघा की. तिने जुना परत जोडला, मोलेक्सच्या पिवळ्या तारेला मीटर लावला. नुसतं बसलेलं असताना ११.८. चित्र हलवलं तसा आकडा ११.२ वर घसरला आणि पडदा काळा. नियमाने १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ च्या खाली जायला नको. तिने आकडे वहीत लिहिले.

मला केवढा आनंद झाला! "मी तर वजनावरूनच ओळखलं होतं," हे मी डीटीपीवाल्यांना पुनःपुन्हा ऐकवलं. खरं तर मी ओळखलं नव्हतं. स्वस्त कॅबिनेट दिसलं की एसएमपीएसवर बोट ठेवायची मला सवयच आहे, आणि तो इतक्यांदा दोषी निघतो की लोक त्याला माझी नजर म्हणतात. लोकांनी तसं म्हणावं म्हणून मी बोट ठेवण्याआधी थोडा थांबतोही. ती वही बघून कधीतरी हे तिच्या लक्षात येईल. आलंही असेल.

आणखी एक खोड. मशीन परत देताना कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मी मार्करने कार्डाचा आयडी, ड्रायव्हरचा आकडा आणि तारीख लिहितो, खाली माझी सही. पुढच्या कारागिराच्या सोयीसाठी, असं सांगतो. सोयीला सहीची गरज नसते.

हे काम आता फार दिवसांचं नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मॅक्सवेल आणि पास्कल या नंतरच्या पिढ्यांच्या कार्डांनाही एनव्हिडियाने शेवटच्या रांगेत उभं केलं. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. कालपर्यंत ज्या १०५० टीआयला आम्ही नवं म्हणत होतो, ते उद्या फर्मीच्या पंगतीत. 'नवीन घ्या' म्हणणाऱ्यांचं चुकतं असं नाही, पण त्यांना निदान करावं लागत नाही, आणि निदान न करता घेतलेल्या पैशाला मी मजुरी म्हणत नाही.

तुमच्या घरी असं जुनं मशीन असेल तर एवढं करा: चालतोय तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवा, हार्डवेअर आयडीचा फोटो काढून ठेवा. आणि दुरुस्तीला आणाल तेव्हा "ड्रायव्हर गेलाय" असं सांगू नका. पडदा काळा झाला तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता, ते सांगा.