शिझुओका : प्रतिकृतींचें नगर

टोकियोहून क्योटोकडे जाणारे आपल्याकडील प्रवासी शिझुओका स्टेशनवर सहसा उतरत नाहींत. टोकियोपासून हें गांव सुमारें १८० किलोमीटर. शिंकान्सेन गाडीनें तासाभराचा रस्ता. वाटेंत उजव्या हाताच्या खिडकींतून फुजी पर्वताचें दर्शन झालें म्हणजे प्रवासी कृतार्थ होतो, आणि पुढील स्टेशन कोणतें याची चौकशीहि न करतां डोळे मिटून घेतो. या गांवचा चहा प्रसिद्ध आहे, एवढें फार तर त्यास ठाऊक असतें. परंतु जपानांत तयार होणाऱ्या प्लास्टिकच्या प्रतिकृति-संचांपैकीं चार पंचमांशांहून अधिक माल ज्या गांवाच्या परिसरांतून बाहेर पडतो, तें गांव केवळ खिडकींतून पाहून सोडून देण्याजोगें खास नाहीं. दर मे महिन्यांत तेथें या वस्तूंचें मोठें प्रदर्शन भरतें. त्या निमित्तानें आम्हां उभयतांस तेथें दोन दिवस राहण्याचा योग आला. त्याची हकीकत वाचकांस रुचेल असें वाटतें.

प्रतिकृति-संच म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. डहाळीस पानें असावींत त्याप्रमाणें प्लास्टिकच्या एका चौकटीस जहाजाचे, विमानाचे किंवा रणगाड्याचे सुटे भाग चिकटलेले असतात. ते कापून घ्यावयाचे, कानशीनें साफ करावयाचे, जोडावयाचे आणि रंगवावयाचे. शिझुओकाच्या नगरपालिकेसमोर एक पत्रपेटी आहे. ती अशाच एका मोठ्या चौकटींत बसविलेली असून तिच्याभोंवतीं सुट्या भागांची नक्कल केलेली आहे. पेटी मात्र खरी. तींत टाकलेलें पत्र मुक्कामीं पोंचतें! २०२१ पासून गांवांत अशीं शिल्पें उभीं राहूं लागलीं. आपल्या धंद्याचा इतका निर्व्याज अभिमान मिरविणारें दुसरें नगर आमच्या पाहण्यांत नाहीं.

हा धंदा येथेंच कां रुजला, असें विचारलें असतां गांवकरी देवळांकडे बोट दाखवितात. तोकुगावा इयेयासू १६१६ सालीं वारल्यावर त्यास जवळच्या कुनो डोंगरावर पुरलें, आणि १६१७ मध्यें तेथें तोशोगू हें देवस्थान उभें राहिलें. समुद्राच्या बाजूनें ११५९ पायऱ्या चढतांना आम्हांस चांगलीच धाप लागली. परंतु लाखेच्या रंगानें झळकणारे खांब आणि तुळयांवरील कोरीव काम पाहून श्रमाचें सार्थक झालें. या देवळाच्या व गांवांतील सेंगेन देवस्थानाच्या कामासाठीं ठिकठिकाणचे सुतार, कोरीव काम करणारे व लाखकाम करणारे येथें आले, आणि हवापाणी मानवल्यामुळें येथेंच राहिले, असें सांगतात. देवळें कांहीं रोज बांधलीं जात नाहींत. तेव्हां त्यांच्या वंशजांनीं पेट्या, आरशांच्या चौकटी, लांकडी पादत्राणें, बाहुल्या असे जिन्नस करण्यास घेतले. पुढें येथील आओशिमा नांवाच्या वैमानिकानें १९२४ मध्यें काढलेली संस्था लांकडी विमानांच्या प्रतिकृति करूं लागली, आणि देवळाच्या तुळईवर फिरणारा हात चिमुकल्या पंखांवर फिरूं लागला.

मध्यंतरीं गांवावर दोन आघात झाले. १५ जानेवारी १९४० च्या आगींत पांच हजारांवर घरें जळालीं. आणि १९ जून १९४५ च्या रात्रीं विमानहल्ल्यांत उरलेलें गांव भस्मसात् होऊन सुमारें दोन हजार माणसें मेलीं. त्या राखेंत १९४६ सालीं योशिओ तामिया यांनीं लांकडाचा व्यापार मांडला. तीच आजची जगप्रसिद्ध तामिया कंपनी. तिचे लांकडी जहाजांचे संच बरे खपत होते, पण अमेरिकेंतून प्लास्टिकचे संच आले व लांकडास गिऱ्हाईक उरलें नाहीं. तेव्हां १९६० मध्यें तामियांनीं आपला पहिला प्लास्टिकचा संच काढला. तो होता ‘यामातो’ या युद्धनौकेचा, १/८०० प्रमाणाचा. ही नौका ७ एप्रिल १९४५ रोजीं सुमारें तीन हजार माणसांसह समुद्रांत बुडाली होती. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. पुढें तिची गांठ पुन्हां पडावयाची आहे.

प्रमाण हा या विद्येचा प्राण होय. आपलीं मुलें दिवाळींत किल्ला करतात, त्यांत मावळा दरवाजाहून उंच असतो आणि महाराज बालेकिल्ल्याहूनहि मोठे. तेथें भक्ति हेंच प्रमाण असल्यामुळें कोणाची तक्रार नसते. येथें तसें चालत नाहीं. ‘गुंडाम’ हा कल्पित यंत्रपुरुष १९७९ च्या एका चित्रमालिकेंत अवतरला. त्याची उंची अठरा मीटर ठरलेली. म्हणून १/१४४ प्रमाणांत तो साडेबारा सेंटिमीटर भरला पाहिजे, आणि १/१०० प्रमाणांत अठरा. जी वस्तु जगांत कधीं झालीच नाहीं, तिच्याहि मापांत इतका कांटेकोरपणा! उलट खऱ्या वस्तूंच्या बाबतींत कधीं कधीं व्यवहार प्रमाणावर मात करतो. तामियांनीं पँथर रणगाडा काढला तेव्हां त्याच्या पोटांत मोटर व बॅटऱ्या मावतील असें माप धरलें. तें १/३५ आलें, आणि आज जगभर रणगाड्यांना तेंच माप रूढ आहे.

प्रदर्शन ट्विन मेस्से नांवाच्या विस्तीर्ण वास्तूंत भरतें. १९५९ पासून चालत आलेल्या या मेळ्याचे आरंभींचे दिवस व्यापाऱ्यांसाठीं असतात; शेवटचे शनिवार-रविवार सर्व लोकांसाठीं. एका बाजूस कंपन्यांचीं दालनें, तर दुसऱ्या बाजूस देशांतील व परदेशांतील हौशी मंडळांनीं आपल्या हातचीं कामें लांबच लांब मेजांवर मांडलेलीं. आमचें मन या दुसऱ्या बाजूसच अधिक रमलें.

तेथें एका मेजापाशीं सत्तरी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. शेजारीं नऊ-दहा वर्षांचा नातू. त्यांच्यापुढें सव्वादोन फूट लांबीचें जहाज होतें. पोट तांबडें, वरचा भाग करडा, तीन तीन नळ्यांच्या तोफा. पाहतांक्षणीं युद्धनौकाच वाटावी. मात्र सुकाणूच्या जागीं ज्वाला ओकणारें यंत्र, आणि नाळेस तोफेचें एक प्रचंड तोंड. ही ‘यामातो’च, पण अंतराळांत गेलेली. २१९९ सालीं पृथ्वीवर घोर संकट आलें असतां बुडालेल्या यामातोचें अंतराळयान होतें व तें पृथ्वीच्या उद्धारासाठीं ताऱ्यांकडे उड्डाण करतें, अशी कथा १९७४ च्या एका चित्रमालिकेंत आहे. गृहस्थांनीं कळ दाबली. शेंकडों बारीक खिडक्या एकदम उजळल्या, मागील यंत्रांत तांबूस प्रकाश हळूहळू चढला, आणि डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा लुकलुकूं लागला. समुद्रावरील जहाजांचा हा नियम अंतराळांतहि पाळलेला पाहून आम्हांस हंसूं आलें.

दुभाष्याच्या मदतीनें त्यांनीं सर्व कृति समजावून दिली. या प्लास्टिकचा गोंद हा खरोखर गोंद नव्हेच; तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. सांधा वाळला म्हणजे सुताराप्रमाणें लांबी भरावयाची, काचकागदानें घांसावयाचें, करडें अस्तर मारून पाहावयाचें आणि दोष दिसला कीं पुन्हां घांसावयाचें. दिवे घालावयाचे असले तर काम दुप्पट वाढतें. जहाजाचें पोट मिटण्यापूर्वींच सर्व तारा ओढून, डाख देऊन, पुन्हां पुन्हां पेटवून पाहाव्या लागतात. कारण एकदां मिटलेलें पोट सुखरूप उघडत नाहीं. शिवाय पातळ प्लास्टिकांतून उजेड झिरपतो. म्हणून आंतून प्रथम काळा रंग द्यावयाचा आणि त्यावर उजेड परतविण्यासाठीं पांढरा. असें न केल्यास सारें जहाज आकाशकंदिलासारखें उजळतें आणि पोलादाचा भास पार नाहींसा होतो.

खिडक्यांसाठीं केसासारखे प्रकाशवाहक तंतु वापरलेले होते. कांहीं पाव मिलिमीटर जाडीचे, कांहीं अर्ध्या. तेवढ्याच बारीक गिरमिटानें हातानें भोंकें पाडून एकेक तंतु ओंवावयाचा. झटपट चिकटणारा गोंद लागला तर तो ठिसूळ होऊन मोडतो, म्हणून सावकाश वाळणारा गोंद हवा. दिव्यांचा हिशेबहि मुलांस शिकविण्यासारखा आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, दिव्यास हवे तीन; उरलेले सहा अडविण्यासाठीं, वीस मिलिअँपिअर प्रवाह धरल्यास, तीनशें ओहमचा रोधक लागतो. पूर्वीं गव्हाच्या दाण्याएवढे तापणारे दिवे असत आणि त्यांच्या धगीनें प्लास्टिक वितळे. थंड असा पांढरा दिवा शक्य झाला तो निळा प्रकाश देणाऱ्या एल्.ई.डी.मुळें. त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां जपानांत जन्मलेल्या शास्त्रज्ञांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, हें वाचकांस स्मरत असेल.

रंगाचें काम याहूनहि नाजूक. प्रथम लॅकरचा रंग फवाऱ्यानें चढवावयाचा. तो वाळल्यावर त्यावर पातळ केलेला काळपट एनॅमल सोडावयाचा. एनॅमलचा द्राव लॅकरला विरघळवीत नाहीं. त्यामुळें वरवरचा रंग पुसून घेतां येतो आणि तो फक्त खांचांत राहून पत्र्यांचे सांधे उठून दिसतात. मग गंजाचे ठिपके, काजळी, टवके. येथें आमच्या सौभाग्यवतींनीं एक मार्मिक शंका काढली : “अंतराळांत ना पाऊस, ना धूळ; मग हें जहाज मळलें कशानें?” दुभाष्यानें प्रश्न सांगतांच ते गृहस्थ मनापासून हंसले. नवें कोरें जहाज खेळणें दिसतें, ते म्हणाले. त्यांत माणसें राहिलीं, त्यानें कांहीं सोसलें, हें दिसलें म्हणजेच त्यास वजन येतें.

या मळकटपणास एक इतिहासहि आहे. १९७५ नंतर कॅलिफोर्नियांत ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटासाठीं अंतराळयानें बनविणाऱ्या कारागिरांनीं बाजारांतून रणगाड्यांचे व जहाजांचे संच आणून त्यांचे भाग यानांच्या पृष्ठभागावर चिकटविले आणि तीं यानें मुद्दाम मळविलीं. त्या संचांत तामियांचेहि होते. पुढें २०१७ मध्यें बंदाई कंपनीनें त्या चित्रपटांतील ‘मिलेनियम फाल्कन’ या यानाचा १/७२ प्रमाणाचा संच काढला, तेव्हां त्यावरील ते रणगाड्यांचे भागहि सूक्ष्म रूपांत जसेच्या तसे उतरविले. शिझुओकाहून निघालेला रणगाड्याचा तुकडा अमेरिकेंत अंतराळयान झाला आणि पुन्हां जपानी साच्यांत येऊन बसला!

आमच्या त्या गृहस्थांनीं मात्र यामातोच कां निवडली, हें आम्हांस विचारावेंसें वाटलें. दहा वर्षांचे असतांना त्यांनीं साठविलेल्या पैशांतून युद्धनौका यामातोचा संच घरीं आणला होता. त्यांचे काका नौदलांत असतां समुद्रांत गेलेले. वडिलांनीं ती नौका पाहिली, एक शब्दहि बोलले नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं ती कपाटाच्या मागें ठेवून दिली. पुढें चवदा-पंधरा वर्षांनीं मुलानें अंतराळांतील यामातो केली आणि कागदाच्या नळींत एक लहानसा दिवा लावून ती भीत भीत वडिलांना दाखविली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ही परत येते ना?” कथेंत ती परत येते, असें मुलानें सांगितलें. तेव्हांपासून ती बैठकीच्या खोलींत राहिली. हें सांगतांना त्या गृहस्थांचा आवाज जराहि बदलला नाहीं. आम्हांस मात्र कांहीं वेळ दुसरा प्रश्न सुचेना.

त्यांच्या नातवाच्या हातीं गुंडाम होता. बंदाईनें १९८० च्या जुलैंत त्याचा पहिला संच तीनशें येनांस विकला, तेव्हां गोंद लावावा लागे, रंग द्यावा लागे. आतां एकाच चौकटींत चार रंगांचे भाग ओतणारीं यंत्रें आहेत, आणि भाग गोंदाविना एकमेकांत बसतात. असल्या संचांची विक्री पन्नास कोटींच्या पलीकडे गेली आहे. सर्व आयतें झाल्यावर हाताचें कसब टिकणार कसें, असें आम्हीं विचारलें. आजोबांनीं नातवाच्या गुंडामकडे बोट केलें. त्याच्या एका खांद्यावरील सांध्याची रेघ घांसून नाहींशी केलेली होती, दुसऱ्यावरची तशीच होती. मुलानें आपण होऊन कानस मागितली होती, आणि काम अजून चालू होतें.

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या शहरांतून दिवाळीचे तयार किल्ले विकत मिळतात. संध्याकाळीं आणून अंगणांत ठेवला कीं झालें. परीक्षेचा अभ्यास बुडत नाहीं, मातीनें कपडे मळत नाहींत. सोपा संच आणि तयार किल्ला हीं एकाच जातीचीं वाटतात, पण त्यांत मोठें अंतर आहे. संच कितीहि सोपा केला तरी तो मुलाच्या हाताकडे कांहींतरी मागतो, आणि हातास एकदां मागणीची संवय लागली कीं तो स्वतःहून पुढें जातो. तयार किल्ला कांहींच मागत नाहीं. बुद्धीच्या व्यवसायांत पिढ्यानपिढ्या रमलेल्या आपल्या घरांत हाताचें काम हें दुसऱ्याचें काम, अशी समजूत अजून पुरती गेलेली नाहीं. दोनदां जळालेलें हें गांव हातांवर पुन्हां उभें राहिलें, हें आपण ध्यानांत घ्यावें. परदेशी संच महाग पडतात, ते आणलेच पाहिजेत असें नाहीं. माती, पुठ्ठा, एक बॅटरी आणि दोन लहान दिवे एवढ्यावरहि आरंभ होतो. बुरुजाच्या खिडकींत उजेड दिसावा, पण भिंतींतून झिरपूं नये, एवढें एकच कोडें यंदा मुलांना घालावें, आणि कपडे मळल्यास रागावूं नये.