आमदार किती, हा प्रश्न

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) आमदार किती आले, असं कुणी विचारलं की मला राग यायचा. हा पक्ष जागांवर तोलायचा नसतो, हे मी एसटीत, लग्नाच्या मांडवात, ग्रामपंचायतीच्या पायरीवर कित्येकांना समजावत आलो. आता तोच प्रश्न मी विचारतो, आणि आमच्याच माणसांना विचारतो.

माझं आधीचं मत हवेतून आलेलं नव्हतं. आमचं घर अलिबाग तालुक्यातल्या खारपट्टीतलं. 1933 ते 1939 या चरीच्या संपात कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या सोडल्या, शेतं ओस ठेवली, त्यांत आमचे पणजोबा होते. पोटाला चिमटा घेऊन संपाचे पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागे उभी राहिलेली ही माणसं. त्यांतल्या बहुतेकांना मताचा अधिकारही नव्हता, आमदार तर दूरच. तरीही कूळकायद्याची वाट तिथूनच निघाली. लहानपणापासून हे ऐकत वाढलेल्या माणसाला निवडणूक दुय्यम वाटली, तर त्यात नवल नाही.

पुढे तेच डोळ्यांनी पाहिलं. 2004 च्या निवडणुकीत शेकापचे दोनच आमदार निवडून आले होते. त्याच काळात रायगडात महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायचं ठरलं आणि त्याविरुद्ध आमच्या एन. डी. पाटील सरांनी गावंच्या गावं उभी केली. सप्टेंबर 2008 मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही, हे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी मतपत्रिकेवर सांगितलं. सेझ पुढे बारगळला. दोन आमदारांच्या पक्षाला एवढं जमतं, तर जागा मोजायच्या कशाला, असं मला मनापासून वाटायचं.

जागा मात्र घटत चालल्या होत्या. 1957 साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, आमचे 31 आमदार होते. 1967 ला 19, 1978 ला 13, 2014 ला तीन. 2019 ला एक, 2024 ला पुन्हा एकच. हे आकडे मला पाठ होते, पण ते पाणी आटत चालल्यासारखे दिसत असूनही मी त्यांचा अर्थ लावत नव्हतो. जिल्हा बदलला, जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे गेल्या, पनवेल-उरणचा शेतकरी प्लॉटवाला झाला, ही कारणं खरीच आहेत. पण ती सांगितली की पुढचं काही करायची गरज उरत नाही, आणि ती आम्ही फार वर्षं सांगितली.

माझं मन पहिल्यांदा हललं ते सांगोल्यामुळे. तिथून गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, 11 वेळा आमदार झाले. टेंभू आणि म्हैसाळ योजनांच्या पाण्यासाठी हा माणूस विधानसभेत वर्षानुवर्षं बोलत राहिला. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा बाहेर भरत होत्याच. पण परिषदेतला ठराव सभागृहात नेणारा, अर्थसंकल्प आला की त्या योजनेपुढे किती रक्कम टाकली ते वाचणारा, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा तेच विचारणारा माणूस आत होता. 2019 मध्ये आबासाहेब थांबले. त्यांचे नातू उभे राहिले आणि 768 मतांनी पडले. तिथून निवडून आलेले आमदार 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेतल्या बंडखोरांबरोबर गुवाहाटीला होते. महाराष्ट्राचं सरकार बदलताना आमच्या त्या 768 मतांचा हिशेब तिथे लागला होता. ‘नैतिक विजय’ हा शब्द मी त्यानंतर वापरलेला नाही.

मग आमच्या दि. बा. पाटलांकडे मी नव्याने पाहिलं. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धचा जानेवारी 1984 चा जासई-दास्तान फाट्याचा लढा, पाच हुतात्मे, आणि त्यातून पुढे आलेलं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण, हे सगळं मी नेहमी रस्त्यावरच्या ताकदीचा पुरावा म्हणून सांगायचो. पण दि. बा. पाच वेळा आमदार होते, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, आणि त्याच वर्षाच्या शेवटी, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या प्रचंड लाटेत, ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आताच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून गेले. रस्त्यावर बसलेल्या त्या माणसामागे मतं आहेत, हे मंत्रालयाला ठाऊक होतं. माझ्या मते त्या लढ्याचं अर्धं बळ हेच होतं. आज नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं असं सगळेच पक्ष म्हणतात, आणि ते द्यायलाच हवं. मात्र त्यांनी ज्या पनवेल-उरणमध्ये पक्ष उभा केला, तिथे आज आमचा आमदार नाही.

जागा असल्या की सगळं भागतं, असंही मी म्हणत नाही. जून 2002 मध्ये आमच्या पाच आमदारांनी पाठिंबा काढला आणि विलासराव देशमुखांचं सरकार डळमळलं. पाच जागांत केवढी ताकद असते! पण ती खर्ची पडली रायगडातल्या राष्ट्रवादीशी चाललेल्या भांडणात. कापसाच्या भावासाठी किंवा प्रकल्पग्रस्तांसाठी ती वापरली असती तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

जुलै 2024 मध्ये विधान परिषदेला आमच्या भाई जयंत पाटलांना बारा मतं पडली आणि ते हरले. घरचं फार तर एक मत, बाकी सगळी भिस्त उसन्या मतांवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात अलिबागच्या मतदानाला मी आमच्या टेबलावर चिठ्ठ्या लिहीत बसलो होतो. शेजारच्या वाडीतल्या एक आजी आल्या. आयुष्यभर त्यांनी खटाऱ्यावर, म्हणजे आमच्या जुन्या चिन्हावर, शिक्का मारलेला. ‘भाऊ, आपला खटारा कितव्या नंबरावर?’ मी सांगितलं, या वेळी शिट्टी आहे. त्यांनी नमुना मतपत्रिका हातात घेतली, शिट्टीच्या चित्रावर बोट ठेवलं, आणि विचारलं, ‘ही आपलीच ना? नक्की?’ मान्यता टिकवायला लागतात तेवढी मतं आणि जागा नसल्या की पक्षाला राखीव चिन्ह उरत नाही. नियम साधा आहे, मला माहीत होता. पण ऐंशीच्या घरातल्या बाईला स्वतःचा पक्ष मतपत्रिकेवर शोधावा लागतो, हे त्या नियमात लिहिलेलं नसतं.

त्या निवडणुकीत सांगोला आम्ही परत मिळवला. बाबासाहेब देशमुख शिट्टीवरच निवडून आले. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी 2019 नंतर हातावर हात ठेवले नाहीत, घरोघरची वीण टिकवली, म्हणून. अलिबाग, पनवेल, उरणला आम्ही पडलो. त्यानंतर आमच्या जिल्ह्यातली वजनदार माणसं एकेक करून भाजपमध्ये गेली. त्यांना गद्दार म्हणून मोकळं व्हायला मला आता जमत नाही. त्यांच्याबरोबर गेलेल्या तरुण पोरांना आम्ही दुसरी कोणती वाट दाखवली होती?

लाल बावटा मी सोडणार नाही. मोठ्या पक्षात विलीन व्हावं, हेही मला पटत नाही. 1950 च्या दशकात केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे काँग्रेसमध्ये परत गेले, तरी पक्ष उरलाच. पण पुढच्या बैठकीत मी चरीची गोष्ट सांगणार नाही. कोणत्या वाडीत मतदार यादी घेऊन कोण फिरलं, नव्याने अठरा पूर्ण केलेल्या किती पोरापोरींची नावं नोंदवली, आणि मतदानाच्या दिवशी टेबलावर माझ्याशेजारी पंचविशीच्या आतला कोण बसणार, एवढंच विचारणार आहे.