लोकरीचं मेण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा ताईने फोनवर विचारलं, "अरे, तू लुधियानाला नेमकं करायचास तरी काय?" म्हटलं, जंतू पाळायचो. ती हसली. पण खरंच तेच काम होतं.

मेंढीच्या लोकरीत मेण असतं. मेरिनोच्या कच्च्या लोकरीत वजनाच्या साधारण १० ते २० टक्के. (आपल्या दख्खनी मेंढीत फार कमी, त्यामुळे घोंगडीवाल्यांना हा ताप नाही.) गरम पाण्यात साबण घालून लोकर धुतली की मेण, घाम, माती सगळं पाण्यात उतरतं. मग सेंट्रिफ्यूज फिरवून जमेल तेवढं मेण काढायचं, त्याचंच पुढे लॅनोलिन होतं. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या सांडपाण्यात तर इतकं मेण यायचं की एशोल्टच्या केंद्रात ते सल्फ्युरिक आम्ल घालून वेगळं काढत आणि विकत! उरलेलं पाणी आमच्या जंतूंकडे, हवा सोडलेल्या टाकीत. आपल्या तेलातुपापेक्षा हे मेण त्यांना जड. पचतं, पण वेळ घेतं.

१९९६च्या जानेवारीत आमचा सेंट्रिफ्यूज बिघडला. धुणं थांबवायचं नाही, असा वरून निरोप. मीही काही बोललो नाही. हे मेण ४० अंशांच्या आसपास वितळतं. तिथल्या थंडीत ते टाकीत पोचेपर्यंत गोठायला लागलं. जंतूंच्या गुठळ्यांवर लेप बसला, आत ऑक्सिजन जाईना. चौथ्या दिवशी टाकी तपकिरीची काळपट झाली आणि वास सुटला. ते पाणी बुड्ढा नाल्यात गेलं, तिथून सतलजमध्ये. लॉगबुकात मी "समाधानकारक" लिहून सही केली.

आमचे सरदारजी मिस्त्री शेजारीच उभे होते. त्यांनी वाचलं, बोलले काहीच नाहीत. सेंट्रिफ्यूज दुरुस्त झाला त्या सकाळी मात्र ट्रॉलीभर शेण घेऊन हजर. म्हणाले, "साबजी, जामन लगाते हैं." जामन म्हणजे आपलं विरजण. टाकी पुन्हा लागायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस रोज लॉगबुक भरायचं होतंच, आणि मी ते तसंच भरत राहिलो.

ताईला फोनवर हे सांगितलं नाही. ती इथलं सगळं वाचते, तेव्हा आता कळेलच.