पंचवटीहून ओझरकडे

पंचवटीस येणाऱ्या यात्रेकरूचा क्रम ठरलेला असतो. रामकुंडावर स्नान, काळारामाचें दर्शन, मग सीतागुंफेंत वांकून शिरणें आणि पाय दुखूं लागले नसतील तर तपोवन. सीतागुंफेजवळच्या पांच वडांना क्रमांक दिलेले आहेत. भाविकानें एकापासून पांचापर्यंत मोजावें आणि निःशंक व्हावें. आमच्या चिरंजीवांनीं ते मोजले आणि विचारलें, "पण हे तेच वड कशावरून?" बरोबरच्या वडील मंडळींना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला. आम्हांस मात्र तो दिवसभर सोडीना. कारण ज्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों, त्या आमच्या वृद्ध स्नेह्यांनीं निवृत्तीनंतरचीं सारीं वर्षें ह्याच प्रश्नाच्या पायीं वेंचलीं आहेत.

हे गृहस्थ ओझरच्या विमान-कारखान्यांत कुशल कारागीर होते. बिऱ्हाड प्रथमपासून पंचवटींत. युद्धांत उडालेलीं जुनीं विमानें आज कोठें उभीं आहेत, कोणत्या चौकांत वा कोणत्या संग्रहालयांत, त्यांवर रंगविलेला क्रमांक खरा कीं मागाहून घातलेला, ह्याची त्यांनीं एक वही केली आहे. असे छंदिष्ट लोक जगांत पुष्कळ आहेत. आपल्याकडेहि जगन्मोहन व समीर चोप्रा ह्या दोघांनीं १९६५ च्या हवाई युद्धावर आणि पुढें १९७१ च्या युद्धावर जे ग्रंथ लिहिले, त्यांत एकेका विमानाचा माग किती चिकाटीनें काढलेला आहे हें वाचणाऱ्यास ठाऊकच आहे.

आपल्या छंदाचा आद्य आचार्य म्हणून आमचे स्नेही लक्ष्मणाचें नांव घेतात. आम्हांस प्रथम ही थट्टा वाटली. परंतु त्यांनीं वाल्मीकीचें अरण्यकांडच पुढें ठेविलें. सीतेच्या शोधांत निघालेल्या रामास जनस्थानाच्या अरण्यांत मोडलेला रथ दिसतो. जवळच भंगलेलें धनुष्य, सोन्याचें फुटलेलें कवच, मोडकें छत्र, मेलेला सारथि आणि रथास जुंपलेलीं विक्राळ मुखांचीं गाढवें. ज्या रथांतून रावण सीतेला आकाशमार्गानें नेत होता व जो जटायूनें पाडला, त्याचेच हे अवशेष! राम क्रोधानें त्रैलोक्याचा संहार करावयास उठतो. तेव्हां लक्ष्मण त्याला जमिनीकडे पाहावयास सांगतो. येथें खुरांच्या व चाकांच्या खुणा आहेत, रक्ताचे थेंब आहेत. पण झुंज एकाच रथ्याची झालेली दिसते, मोठ्या सैन्याचीं पावलें कोठेंच नाहींत. मग एकाच्या अपराधासाठीं सर्व लोकांचा नाश कां करावा? अवशेष वाचण्याचें शास्त्र ह्याहून निराळें नाहीं. आणि त्याच कथेंत त्या शास्त्रांतील घोर चूकहि आहे. थोडें पुढें गेल्यावर रक्तानें माखलेला जटायु दिसतो, आणि ह्यानेंच सीतेला खाल्लें असें समजून प्रत्यक्ष प्रभु त्याच्यावर बाण रोखतात! जो तिच्यासाठीं लढला त्यालाच भक्षक ठरविण्याची वेळ आली होती; जटायूला बोलण्याइतका प्राण उरला होता म्हणून बरें.

आमच्या काळांतल्या एका जटायूला तेवढाहि अवसर मिळाला नाहीं. ७ सप्टेंबर १९६५ रोजीं सरगोध्यावर हल्ला करावयास गेलेल्या मिस्टेअर विमानांतलें स्क्वॉड्रन लीडर अज्जमड देवय्या ह्यांचें विमान परत आलें नाहीं. त्यांचें काय झालें हें आपल्याकडे कोणास कळलें नाहीं. पुढें १९७९ सालीं जॉन फ्रिकर ह्या इंग्रज लेखकाचें पुस्तक निघालें, आणि त्या दिवशीं पाकिस्तानचें एक स्टारफायटर विमान एका मिस्टेअरनें पाडल्याचें उघडकीस आलें. वेगानें दुप्पट असलेलें विमान पाडणारा तो वैमानिक देवय्याच, हा उलगडा होऊन त्यांना महावीरचक्र मिळालें तें १९८८ त. मध्यें तेवीस वर्षें गेलीं होतीं. जुन्या लोखंडाचे आंकडे टिपीत बसण्यानें काय साधतें, असें विचारणाऱ्यांस आमचे स्नेही एवढीच हकीकत सांगतात.

दुपारीं आम्ही आग्रारोडनें ओझरकडे निघालों. दुतर्फा द्राक्षांचे मळे लागतात; अंतर सुमारें पांच कोस. कारखाना १९६४ सालीं स्थापन झाला, तो मिग-२१ बांधण्यासाठीं. आंत जाण्याची परवानगी अर्थातच नव्हती. भिंत, झाडें आणि दूरवरची धांवपट्टी एवढेंच दर्शन घडलें. १४ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्याच्या गव्हर्नरच्या वाड्यावर ज्यांनीं अग्निबाण सोडले तीं ह्याच जातीचीं विमानें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें शेवटच्या मिग-२१ नीं निरोप घेतला. स्नेह्यांच्या वहींतलीं पानें तेव्हांपासून भराभर भरत आहेत.

ओळख पटविणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. शेपटीवरचा क्रमांक रंगाचा असतो आणि रंग कोणीहि देतो. दुरुस्तीस आलेल्या विमानाचा पंख एकाचा, शेपटी दुसऱ्याची, असेंहि घडतें. म्हणून आंतील धातूची पट्टी, सुट्या भागांवरचे ठसे, खरवडलेल्या रंगाखालचा जुना अंक, हें सारें ताडून पाहावें लागतें. १९४७ च्या २७ ऑक्टोबरला श्रीनगरास पहिली शिखांची तुकडी उतरविणाऱ्या डकोटाचा क्रमांक व्हीपी-९०५ होता. २०१८ सालीं विलायतेंत दुरुस्त होऊन हिंडणला आलेल्या, 'परशुराम' नांवाच्या डकोटावर तोच क्रमांक लिहिला आहे. पण विमान दुसरें. आमच्या स्नेह्यांस हें खपत नाहीं. आम्हांस तें तितकें गैर वाटत नाहीं. आजोबांचें नांव नातवास ठेवितोंच कीं! मात्र नातवालाच आजोबा म्हणून दाखवूं नये, हें आम्हींहि कबूल केलें.

लिबरेटर विमानांची कथा त्यांनीं परततांना सांगितली. महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनीं हीं प्रचंड अमेरिकन बाँबविमानें कानपुरास मुद्दाम मोडून टाकलीं होतीं, कोणाच्या उपयोगी पडूं नयेत म्हणून. बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्याच्या लोकांनीं तीं चालतीं केलीं, आणि जमशेद मुन्शी ह्या वैमानिकानें एकेक उडवीत बंगळुरास नेलीं. १९५१ पासून आपल्या पुण्यासहि त्यांचा तांडा होता. १९६८ पर्यंत तीं आपल्या सेवेंत राहिलीं. आणि आज इंग्लंड, अमेरिका व कॅनडा येथील संग्रहालयांत जीं थोडीं लिबरेटरें जतन केलेलीं आहेत, त्यांतील अनेक येथूनच गेलेलीं आहेत. ज्यांनीं मोडलीं त्यांनींच मागून नेलीं! एक दिल्लीस पालमला आहे.

ह्याच्या उलट आपली 'विक्रांत'. मुंबईस कित्येक वर्षें संग्रहालय म्हणून उभी असलेली ही युद्धनौका २०१४ सालीं भंगारांत गेली. त्यावर आमचे स्नेही कांहीं बोलले नाहींत. वहीचें पान उलटून त्यांनीं चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशीं मुंबईच्या वाटेवर घोटीपाशीं वळून आम्ही टाकेदला गेलों. जटायूनें देह ठेविला तें हेंच सर्वतीर्थ, अशी श्रद्धा आहे. चिरंजीवांनीं कुंडाभोंवतीं एक फेरी घातली, बारकाईनें जमीन पाहिली आणि रथाचे तुकडे कोठें ठेवले आहेत, असें पुजाऱ्यांस विचारलें. पुजाऱ्यांनीं त्यांच्या हातावर तीर्थ दिलें.