पुलापलीकडचं माहेर

माहेर म्हटलं की एस.टी., घाटातली वळणं आणि फाट्यावर न्यायला आलेला भाऊ आठवतो. माझं माहेर मात्र अंधेरीतच! मी पश्चिमेला, जुहूच्या बाजूला. आई पूर्वेला, तेली गल्लीच्या मागे. मध्ये रेल्वेचे रूळ आणि त्यांवर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाचा पूल. बसचं तिकीट तेव्हा पाच रुपये. मैत्रिणी चिडवायच्या, "तुला काय बाई, पाच रुपयांत माहेर!"

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तास असले की आई सकाळच्या बसने यायची. आल्या आल्या पिशवीतला थालीपिठांचा डबा ओट्यावर ठेवायची, चार वर्षांच्या नातवाला मांडीवर घ्यायची आणि मला म्हणायची, "पळ आता." माझी नोकरी त्या बसवर उभी होती म्हणा ना!

7 नोव्हेंबर 2022 ला पूल बंद झाला. करणं भागच होतं. 3 जुलै 2018 च्या सकाळी, भर पावसात याच पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला होता. जीव धोक्यात घालून का कुणी माहेरी जातं?

पण मैत्रिणींनो, मोटारवाल्याला वळसा घेता येतो. दक्षिणेला पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल आहे, उत्तरेला अंधेरीचा सबवे, त्याच्याही पुढे जोगेश्वरीचा पूल. बसमध्ये बसलेलीने काय करावं? बस नेईल तिकडे जायचं! आमची बस लांबून फिरू लागली आणि वीस मिनिटांची वाट तासावर गेली. मेट्रो होती, पण आमची दोन्ही घरं तिच्या वाटेवर नव्हती. रिक्षा रोज परवडेना, आणि पावसात सबवेत पाणी भरलं की तीही अडकायची. उरला स्टेशनवरचा पादचारी पूल. आई तो चढून पश्चिमेला यायची आणि तिथून दुसरी बस धरायची. दारात आली की गुडघे धरून बसायची. पंधरा दिवसांनी मीच म्हटलं, "आई, आता येऊ नकोस."

"सोडून दे नोकरी. पगार तो केवढा!" हे म्हणाले. रागाने नव्हे, हिशेबाने. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांच्या नातीचा अभ्यास मी घ्यायचा आणि माझ्या मुलाला त्यांनी सांभाळायचं, असं ठरलं. नोकरी टिकली. आईचं येणं मात्र सणावारापुरतं उरलं.

26 फेब्रुवारी 2024 ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी उंचीच जुळेना! तो सांधा जुलैत जुळला. पूर्ण पूल खुला व्हायला मे 2025 उजाडला. त्याच महिन्यात पाच रुपयांचं तिकीट दहा रुपये झालं.

मी आनंदाने आईला फोन केला, "ये गं आता!" ती हसली. म्हणाली, "पूल नवा झाला गं, माझे गुडघे कुठे नवे झालेत? बसची पायरी चढवत नाही."

अडीच वर्षं! नातू मांडीवर मावेनासा झाला होता. कोंडीत किती मिनिटं गेली ते वर्तमानपत्रात छापून येतं. हे कुठे येणार?

आता दर शनिवारी मीच मुलाला घेऊन पूल ओलांडते. पिशवीत डबा असतो. थालीपिठं आता मी थापते. आई एक तुकडा मोडते आणि म्हणते, "मीठ कमी आहे हो!"