मोत्याचे बिऱ्हाड

यजमानांची बदली महाडच्या औद्योगिक वसाहतीत झाली आणि आम्ही दासगावात बिऱ्हाड शोधू लागलो. घर मागणाऱ्यास आडनाव विचारतात, मुले किती ते विचारतात, स्वयंपाकघरात काय शिजते तेही आडवळणाने काढून घेतात. आपल्यासारख्यांस या परीक्षा सहसा जड जात नाहीत; म्हणूनच त्यांत अपमान किती भरलेला असतो, हे आपणांस कळत नाही. आमचे घोडे अडले ते मोत्यापाशी.

मोत्या अकरा वर्षांचा. मामंजींची दृष्टी अधू झाल्यापासून त्याची साखळी हाती असल्यावाचून ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नाहीत. ‘द्या हो सोडून! कोणीतरी भाकरतुकडा घालील,’ असा सल्ला पाच घरी मिळाला. एका ओटीवर तर हे बोलणे दत्तात्रेयांच्या तसबिरीखाली झाले. देवाच्या पायांशी चारी श्वान स्वस्थ बसले होते.

यजमानांनी कायद्याचा आधार शोधला. गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली सूचना काढून स्पष्ट केले आहे. परंतु संस्थेसाठी केलेल्या सूचनेने घरमालकाचे मन थोडेच वळते? भाडेकरार म्हणजे अखेर उभयतांच्या संमतीचा मामला. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातही हीच अडचण आहे. कुत्रेवाल्यांस स्वर्गात ठाव नाही, असे इंद्र साफ सांगतो आणि धर्मराज हट्ट सोडीत नाही. तेथे कुत्रा प्रत्यक्ष यमधर्म निघाला. आमचा मोत्या मोत्याच निघणार, हे मालकास पुरते ठाऊक असते!

मालकांची बाजूही अगदीच लटकी नव्हे. येथे चार महिने पावसाची झड. भिजलेले कुत्रे घरात आले की जमीन, भिंती, अंथरुणे साऱ्यांची दैना. शिवाय शेजारच्या कोंबड्या. आणि दासगावात तर घर या शब्दालाच निराळे वजन आहे. जुलै २००५ मध्ये दरड कोसळून येथली घरे गाडली गेली, माणसे गेली. वाचलेल्या कित्येक कुटुंबांनी पुढे वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले.

‘माणसांना घर मिळेना बाई, आणि तुम्ही कुत्र्याला मागता?’ एका आजींनी मला विचारले. मजपाशी उत्तर नव्हते.

मामंजी मात्र शांतपणे म्हणाले, ‘घर मलाच हवे आहे, वहिनी. तो माझ्याबरोबर आहे, इतकेच.’

आजी बराच वेळ मोत्याकडे पाहत राहिल्या. मग उठून त्यांनी आम्हांस मागची पडवी दाखविली.

भाडे ठरले. वर तीन अटी लागल्या: मोत्याने विहिरीच्या कट्ट्यावर जाऊ नये, त्याला रेबीजची टोचणी दरसाल न चुकता द्यावी, आणि त्याने कोंबडी मारल्यास दोन कोंबड्यांचे पैसे भरावेत. ब्राह्मणाच्या भाडेचिठ्ठीत कोंबड्यांचा हिशेब म्हणून सासूबाईंनी नाक मुरडले. पण तोवर यजमानांची सही होऊन गेली होती.