बाहेरचा आवाज, घरचं यंत्र

मंडळी, सिंथेसायझर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड आणि एका बटणावर बासरी, दुसऱ्यावर सनई काढून टाळ्या घेणारा वादक! आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली तीन वर्षे जे धूड ठाण मांडून बसले आहे, त्याला एकही पट्टी नाही. प्लायवुडची पेटी, तिच्यावर ॲल्युमिनियमचे अकरा पत्रे, पत्र्यांवर फिरवायची बटणं आणि भोकं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. पाहुणे भीत भीत विचारतात, "टेलिफोन एक्स्चेंज घेतलंत का हो विकत?"

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. आमच्यातला एक रास लफानला गॅस प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळतो, दुसरी दोह्यातल्या शाळेत शिकवते आणि लहानपणी गाण्याच्या चार परीक्षा दिलेली आहे. पण या उद्योगाची खरी सूत्रधार आमची कन्या. इंटरनेटवरचे नकाशे तिने शोधले, डाग तिने दिले. (सोल्डरिंगला आमचा तापकीर गल्लीतला दुकानदार अजून 'डाग देणे' म्हणतो.) दर सुट्टीत पुण्याला गेलो की बुधवार पेठेतून आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर आणायचे आणि चिवड्याच्या पिशवीशेजारी बॅगेत भरायचे, हा आमचा शिरस्ता.

हे यंत्र 'मॉड्युलर' आहे. आपल्या मिसळणाच्या डब्यासारखं. प्रत्येक वाटीत एकच जिन्नस. चव ठरते ती काय, किती आणि कशावर घालता यावर. एक भाग नुसता सूर काढतो, एक त्याचा तीव्रपणा गाळतो, एक आवाज लहानमोठा करतो. हे सगळे एकमेकांशी बोलतात ते व्होल्टच्या भाषेत. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला या दोघांनी आपापल्या जागी ही तऱ्हा सुरू केली.

पहिले काही महिने घरात नुसते 'प्याँव प्याँव' चालले होते. मग एके दिवशी कन्या म्हणाली, "बाबा, हे स्वतःचंच बोलतं. याला दुसऱ्याचं ऐकायला शिकवू या." इथून खरी गंमत सुरू झाली.

दुसऱ्याचं ऐकणं यंत्रालाही सोपं नसतं बरं का! साध्या मायक्रोफोनमधून येणारा विजेचा दाब जेमतेम काही मिलिव्होल्ट. आमच्या पेटीतला व्यवहार मात्र उणे ५ ते अधिक ५ व्होल्टचा. म्हणजे माजघरात कुजबुजणाऱ्या आजीबाईंचं म्हणणं भर चौकातल्या सभेत ऐकू यायला हवं. त्यासाठी आधी आवाज हजारपट मोठा करावा लागतो. मोठा करताना सोबतची खरखरही हजारपट होते, आणि जरा जास्त वाढवलं की लाटेचे शेंडे छाटले जाऊन सगळ्याचा फाटका भोंगा होतो. टीएल०७२ नावाची चार-पाच रुपयांत मिळावी तशी वाटणारी चिमुकली आयसी आणि एक बटण, एवढ्यावर हे काम होतं. पण ते बटण कुठे थांबवायचं, हे कानानेच ठरवावं लागतं.

आता ऐकवायचं काय? घरात दुसरा आवाजच नाही. दोह्यात शांतता म्हणजे एसीची घरघर! म्हणून आम्ही शुक्रवारी सकाळी छोटा रेकॉर्डर घेऊन सूक वाकिफला जाऊ लागलो.

सूक वाकिफ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. पण डोळे मिटून ऐकला आहे का? वाकिफ म्हणजे उभा. जुन्या काळी भरतीचं पाणी इथवर यायचं आणि विक्रेते उभ्याउभ्या माल विकायचे, म्हणून हे नाव, असं सांगतात. २००३ साली बाजाराला आग लागली, त्यानंतर जुन्या धर्तीवर जीर्णोद्धार झाला आणि २००८ पर्यंत आजचं रूप आलं. तुळया लाकडाच्या, भिंती मातीच्या रंगाच्या, त्यामुळे आवाज मॉलसारखा घुमत नाही, अंगाशी येतो. पक्ष्यांच्या गल्लीतला कलकलाट, मसाल्याच्या पोत्यात खुपसलेल्या पत्र्याच्या खोऱ्याची खसखस, डामा खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या सोंगट्यांचा टकटक आवाज, आणि लाल जाकिटातल्या म्हाताऱ्या हमालांच्या एकचाकी गाड्यांची फरशीवरची खडखड. कन्या चालायला शिकली ती याच फरशीवर, आणि दमली की याच गाड्यांत बसायचा हट्ट धरायची.

आमचे दोन नियम ठरलेले. विचारल्याशिवाय कुणाचं बोलणं टिपायचं नाही, आणि अजान सुरू झाली की रेकॉर्डर बंद. काही गोष्टी यंत्रात घालण्यासाठी नसतात.

परवानगी मागताना एक मजा कळली. गाडीवाल्याला इथे 'हम्माल' म्हणतात. आपला हमाल तो हाच! दुकान, अत्तर, वजन, किंमत, हिशेब हे सगळे मूळचे अरबी. आपल्या भाषेने कितीतरी शतकांपूर्वी हे बाहेरचे आवाज आत घेतले, थोडे घासले, थोडे वळवले आणि आता ते इतके घरचे झाले की भाजीवालीशी घासाघीस करताना आपल्याला ते उसने वाटतही नाहीत.

घरी आल्यावर हे आवाज पेटीत सोडायचे. रिंग मॉड्युलेटर नावाचा भाग दोन आवाजांचा गुणाकार करतो आणि उत्तर म्हणून त्यांची बेरीज आणि वजाबाकी ऐकवतो. ३००० हर्ट्‌झची शीळ आणि ५०० चा सूर दिला, तर ३५०० आणि २५०० बाहेर पडतात, मूळचे दोन्ही गायब! पोपटाची पार लोखंडी घंटा होते. हमालाच्या गाडीची खडखड फिल्टरमधून गाळली की दूरवर समुद्र असल्यासारखं वाटतं.

हे खूळ फक्त आमचंच, असं समजू नका. आपल्या याच अरबी मुलखात, कैरोला, हलीम अल-दब्ब या तरुणाने १९४४ साली वायर रेकॉर्डर मागून घेतला, 'झार' नावाच्या विधीतलं बायकांचं गाणं टिपलं आणि रेडिओ स्टेशनच्या खोलीत त्यावर प्रतिध्वनीचे प्रयोग केले. पॅरिसच्या पियेर शेफेरचं नाव या कलेत आधी घेतात. त्यांचे प्रयोग १९४८ चे. आणि आपल्या शेजारी अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवला होता. पखवाज शिकलेल्या गीता साराभाई यामागे होत्या. तिथल्या टेप कित्येक दशके कपाटात पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघाला. त्यात आय. एस. माथुर यांच्या एका रचनेचं नाव आहे 'माय बर्ड्‌स', दुसरीचं 'वन्स आय प्लेड अ तानपुरा'. पक्षी आणि तानपुरा! आम्हांला आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे एक कॅसेट आहे. गल्फमधून मामांनी आणलेल्या टू-इन-वनवर १९८९ च्या दिवाळीत भरलेली. वाईजवळच्या घरी आजी जात्यावर दळताहेत आणि ओव्या म्हणताहेत, अशी अठरा मिनिटं. आजी कन्येच्या जन्माआधीच गेल्या. त्यांचा आवाज जगात आता एवढाच.

यंदा कन्येची बारावी झाली. ऑगस्टमध्ये ती पुण्याला शिकायला जाणार. जायच्या आधी तिला ही कॅसेट पेटीत घालायची होती.

घरात चक्क दोन पक्ष पडले. "आजींच्या आवाजाची पोपटासारखी घंटा करणार का?" हा एक पक्ष. "कपाटात ठेवून तरी तो कोण ऐकतंय?" हा दुसरा. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पेटी आणि अबोला दोन्ही होते. शेवटी तोडगा कन्येनेच काढला. आधी कॅसेटची स्वच्छ नक्कल करून मूळ कॅसेट पुन्हा कपाटात. आणि नकलेतला आवाजही बदलायचा नाही. तो ऐकवायचाच नाही. त्याचा फक्त चढउतार घ्यायचा.

याला एन्व्हलप फॉलोअर म्हणतात. आवाजाची लाट वरखाली होत असते. तिचा खालचा अर्धा भाग वर दुमडायचा आणि मग एका कपॅसिटरने खाचाखोचा गुळगुळीत करायच्या. उरते ती केवळ आवाजाची उंची, डोंगराच्या कडेसारखी रेघ. ती रेघ म्हणजे पुन्हा व्होल्टच. त्या व्होल्टने दुसऱ्याच आवाजाचा दरवाजा उघडमीट करता येतो. कपॅसिटर फार चपळ ठेवला तर रेघ थरथरते, फार आळशी ठेवला तर श्वास हरवतात. दोन संध्याकाळी नुसत्या त्यातच गेल्या.

मग दाराशी उभा केला सूक वाकिफ. आजींचा आवाज चढला की बाजार उघडायचा, उतरला की मिटायचा. ओवीचा एकही शब्द ऐकू येत नव्हता. पण ओळ संपताना दम घेणं, जात्यात वैरण घालायला थांबणं, मग पुन्हा हळूच धरणं, सगळं तसंच्या तसं! पक्षी, सोंगट्या आणि हमालाची गाडी आजींच्या श्वासाने येत-जात होती. आमच्यातल्या विरोधी पक्षाने डोळ्याला पदर लावला. कन्या म्हणाली, "आजी अशी थांबायची?" आम्ही म्हटलं, "हो. अगदी अशीच."

आम्हां गल्फवाल्यांचं गणित तुम्हांला ठाऊकच आहे. वास्तव्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की आम्ही वाईला जाऊ, ते आमचं गाव. पण कन्येचं? ज्या फरशीवर ती चालायला शिकली, तिथे उद्या ती पर्यटक म्हणून येईल. पुण्यात तिला लोक 'दोह्याची' म्हणतील आणि इथे ती 'इंडियन'. आम्ही तिला घर देऊ शकू, गाव देता येत नाही. ती अठरा मिनिटं मात्र तिने स्वतः जुळवली आहेत, आणि त्यांत तिचं आणि आजींचं दोन्ही आहे.

पेटी इथेच राहणार, वजनात बसत नाही. रास लफानवाल्याने तिला एक गोष्ट समजावून दिली आहे. प्लँटमध्ये मोजमापं ४ ते २० मिलिअँपमध्ये येतात. टाकी रिकामी असली तरी ४ यायलाच हवेत. शून्य आलं तर समजायचं, तार तुटली. तेव्हा बाई, रोज फोनवर "काही विशेष नाही" एवढं म्हटलंस तरी चालेल. ते आमचे ४ मिलिअँप!

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा कॅसेट असतील. इथल्या उन्हात गाडीत ठेवू नका, फीत ढिली पडते. सिंथेसायझर करा न करा, पण आधी नक्कल करून घ्या. चालू टेपरेकॉर्डर हवा असेल तर आमच्याकडे आहे. शुक्रवारी सकाळी मात्र येऊ नका. ऑगस्टपर्यंतचे सगळे शुक्रवार सूक वाकिफचे आहेत.